निळी, जांभळी आणि मग राखाडी: ऑक्साइडच्या नळ्यांबद्दल तुमचे प्रश्न

मेटल ऑक्साइडच्या नॅनोट्यूब, म्हणजे टायटॅनियम, झिंक, लोखंड अशा धातूंच्या ऑक्साइडच्या केसापेक्षा शेकडो पट बारीक पोकळ नळ्या, यावर मागच्या वेळी थोडं लिहिलं होतं आणि त्यावर एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही. बहुतेक प्रश्न शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, नळी दिसते कशी आणि ती तशी का दिसते. म्हणून आज फक्त तेच घेतोय.

प्रश्न: सर, मी एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी टायटॅनियमची फॉइल ॲनोडाइझ करतेय, म्हणजे द्रावणात बुडवून वीज देऊन तिच्यावर ऑक्साइड चढवतेय. सप्लाय चालू केला की फॉइलवर आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा असे रंग भराभर येतात आणि तासाभराने सगळं राखाडी होऊन जातं. टायटॅनियम डायऑक्साइड तर पांढरा असतो ना? मग हे रंग कसले, आणि राखाडी झालं म्हणजे सॅम्पल वाया गेलं का?

वाया नाही गेलं, उलट बहुधा नीट जमलंय. तुमची शंका बरोबर आहे, टायटॅनियम डायऑक्साइडला स्वतःचा रंग नाही, त्याचा बँड गॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा) ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर आहे म्हणजे दिसणारा प्रकाश तो शोषतच नाही, आणि पावडर पांढरी दिसते ती फक्त कण प्रकाश विखुरतात म्हणून. फॉइलवर दिसणारे रंग हे इंटरफेरन्सचे आहेत, आपल्या शाळेच्या पुस्तकातलं व्यतिकरण. ऑक्साइडच्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत येतो, खालच्या धातूवरून थोडा परत येतो, आणि या दोघांच्या वाटेत जो फरक पडतो त्यावर ठरतं की कुठली तरंगलांबी जोर धरणार आणि कुठली मरणार. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर जे रंग दिसतात ते याच कुळातले.

सुरुवातीला फॉइलवर नळ्या नसतातच, एक सलग ऑक्साइडचा थर असतो आणि तो प्रत्येक व्होल्टमागे साधारण २ नॅनोमीटर या हिशोबाने जाड होतो, म्हणून व्होल्टेज चढत जाईल तसे रंग बदलतात. मग द्रावणातलं फ्लोराइड त्या थराला भोकं पाडायला लागतं, नळ्या सुरू होतात, लांब होत जातात, आणि रंग परत परत फिरतात पण दर वेळी फिके होत जातात. का फिके? कारण थर जाड झाला की इंटरफेरन्सचे उंचवटे, म्हणजे ज्या तरंगलांब्या जोर धरतात त्या, एकमेकांच्या फार जवळ येतात. हिशोब करून बघा, नळ्यांच्या थराचा सरासरी अपवर्तनांक १.८ धरला (अनाटेस या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाचा स्वतःचा २.५ च्या आसपास आहे पण निम्मा थर पोकळ, म्हणून कमी) आणि थर १० मायक्रोमीटरचा असेल तर हिरव्या प्रकाशाच्या आसपास दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ नॅनोमीटरच्या जवळपास येतं. आपला डोळा एवढं बारीक वेगळं करत नाही, सगळं एकत्र मिसळून राखाडी दिसतं, शिवाय नळ्यांची टोकं वरखाली असतात त्यामुळे उरलासुरला रंगही पुसला जातो.

आणि याच उंचवट्यांचा तुम्हाला उपयोग आहे. थर पातळ असताना रिफ्लेक्टन्स (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो ते) घेतला आणि शेजारशेजारचे दोन उंचवटे समजा ६०० आणि ५०० नॅनोमीटरवर आले, तर त्या दोन आकड्यांचा गुणाकार करा, त्याला त्यांच्या फरकाने भागा, मग अपवर्तनांकाच्या दुपटीने भागा. १.८ धरून ८३३ नॅनोमीटर येतात. अपवर्तनांक तरंगलांबीनुसार थोडा बदलतो हे यात धरलेलं नाही, पण एसईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, नंबर लागेपर्यंत थराच्या जाडीचा अंदाज घ्यायला हे पुरेसं आहे आणि मला स्वतःला ही पद्धत फार आवडते, सॅम्पल तोडावं लागत नाही.

प्रश्न: मी या क्षेत्रातला नाही, फक्त कुतूहल म्हणून विचारतो. सपाट पत्रा ॲसिडसारख्या द्रावणात ठेवला, वीज दिली, आणि त्यावर लाखो नळ्या शिस्तीत उभ्या राहतात. त्यांना कोण सांगतं की गोल व्हा, पोकळ व्हा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण जे लोक रोज नळ्या बनवतात ते हा प्रश्न विचारायचं विसरून जातात.

दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. विजेच्या ओढीने ऑक्सिजनचे आयन आत धातूकडे जातात आणि टायटॅनियमचे आयन बाहेर येतात, त्यातून ऑक्साइड वाढतो. दुसरीकडे द्रावणातलं फ्लोराइड तयार झालेला ऑक्साइड विरघळवतं, टायटॅनियम त्याच्याशी जोडी जमवून पाण्यात निघून जातो. फ्लोराइड नसेल तर नुसता सलग थर वाढतो आणि एका जाडीला थांबतो, फ्लोराइड फार झालं तर काहीच टिकत नाही, आणि मधल्या एका पट्ट्यात दोघांची बरोबरी होते. आता समजा कुठेतरी एक छोटा खड्डा पडला. तिथे ऑक्साइड पातळ, म्हणजे तेवढंच व्होल्टेज कमी जाडीवर पडतंय, म्हणजे विजेचं क्षेत्र तिथे जास्त जोरात, म्हणून विरघळणंही तिथेच जास्त आणि नवीन ऑक्साइड बनणंही तिथेच जास्त. खड्ड्याच्या तळाशी ऑक्साइडची जाडी जवळजवळ तेवढीच राहते पण तळ मात्र खाली खाली सरकत जातो, विहीर खणल्यासारखा. शेजारच्या खड्ड्यांनाही तेवढीच जागा हवी असते म्हणून सगळे एकमेकांना दाबत मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना धरतात.

एवढ्याने भोकं तयार होतात, सुट्या नळ्या नाही. ॲल्युमिनियमवर अशीच भोकं मिळतात, एकसंध थरात. टायटॅनियमच्या बाबतीत फ्लोराइडचे आयन ऑक्साइडमधून ऑक्सिजनपेक्षा वेगाने आत सरकतात आणि धातूच्या हद्दीवर जाऊन जमतात, मग भोकं खाली जात असताना हा फ्लोराइडने भरलेला थर दोन शेजाऱ्यांच्या मध्ये अडकतो, आणि तो पाण्यात सहज विरघळतो. म्हणजे शेजाऱ्यांमधली सामाईक भिंतच विरघळली, आता प्रत्येकाची भिंत वेगळी, आणि नळी सुटी झाली. म्हणूनच द्रावणात पाणी किती आहे याला एवढं महत्त्व आहे, अगदीच कमी पाणी ठेवलं तर नळ्यांऐवजी भोकांचा थरच मिळतो.

नळीचा व्यास व्होल्टेज ठरवतं, जवळजवळ सरळ प्रमाणात. लांबी ठरवते वेळ, पण द्रावण परवानगी देईल तितकीच. १९९९ साली झ्विलिंग आणि सहकाऱ्यांनी क्रोमिक ॲसिड आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये अशा रचना दाखवल्या, २००१ साली ग्राइम्स यांच्या गटाने पाण्यातल्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये नीट नळ्या वाढवल्या, पण त्या साधारण ५०० नॅनोमीटरपुढे जाईनात, कारण तळाला जेवढी वाढ तेवढंच वरचं टोक विरघळत होतं. मग एथिलीन ग्लायकॉल आलं, त्यात थोडं अमोनियम फ्लोराइड, टक्का-दोन टक्के पाणी, ६० व्होल्टच्या आसपास, आणि वरचं टोक विरघळणं इतकं मंदावलं की नळ्या शेकडो मायक्रोमीटरपर्यंत गेल्या. एक द्रावक बदलला आणि लांबी शेकडो पटींनी वाढली, हे वाचलं तेव्हा मी खरंच दोन दिवस त्याच विचारात होतो.

सगळ्या नळ्या अशाच बनतात असं मात्र नाही. १९९८ साली कासुगा आणि सहकाऱ्यांनी टायटानियाची (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचीच) पावडर कडक कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात (१० मोलर) ११० अंशांवर २० तास ठेवली आणि ८ नॅनोमीटर व्यासाच्या, १०० नॅनोमीटर लांबीच्या नळ्या मिळवल्या, वीज नाही काही नाही. तिथे ऑक्साइडचे पातळ पापुद्रे सुटतात आणि कागदाच्या सुरळीसारखे गुंडाळले जातात. झिंक ऑक्साइडची तर तिसरीच तऱ्हा, आधी भरीव षटकोनी कांड्या वाढवायच्या आणि मग त्यांना अल्कलीमध्ये ठेवायचं, कांडीचं वरचं टोक अस्थिर असतं, ते मधून विरघळत जातं आणि बाजूच्या भिंती टिकतात, पेन्सिलीचं शिसं आतून कोणी काढून घ्यावं तसं. आणि साचा वापरूनही करतात, भोकांच्या आतल्या भिंतीवर एकेक अणूचा थर चढवत जायचा आणि शेवटी साचा विरघळवायचा. महाग आणि संथ पद्धत आहे, पण भिंतीची जाडी जशी हवी तशी मिळते.

प्रश्न: आमच्या टायटानिया नॅनोट्यूबचा टाउक प्लॉटवरून (शोषणाच्या मोजमापावरून गॅप काढायचा आलेख) बँड गॅप ३.४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आला. अनाटेसचा ३.२ असतो. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात हा क्वांटम कन्फाइनमेंट, म्हणजे जागा अगदी लहान झाल्याने गॅप वाढणं, भिंत फक्त १५ नॅनोमीटर आहे. पेपरमध्ये तसं लिहू का?

कृपया लिहू नका. किमान खाली सांगतो ते तपासल्याशिवाय नको. मी हे जरा सविस्तर सांगतो कारण हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता वाचताना त्रास होतो, आणि चूक विद्यार्थ्यांची नसते, त्यांना आधीच्या पेपरमध्ये तेच सापडतं.

आधी आकड्यांनी बघू. कन्फाइनमेंट जाणवायला जागा एक्सायटॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धन जागा, म्हणजे होल, यांची बांधलेली जोडी) आकाराएवढी किंवा त्याहून लहान हवी, आणि टायटानियात तो आकार १-२ नॅनोमीटरच्या आसपासचा. तुमची भिंत १५. अगदी बी.एस्सी.चं डब्यातल्या कणाचं सूत्र लावलं, कणाचं वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या जवळपास धरलं, तर १५ नॅनोमीटरसाठी वाढ येते २-३ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट. तुम्हाला दिसतेय २५०. जवळजवळ शंभर पटींचा फरक आहे, तो कुठल्याही सुधारणेने भरून निघणार नाही.

मग २५० आले कुठून? पहिलं, फर्नेसमध्ये भाजलं होतं का? ॲनोडायझिंग करून काढलेली नळी ॲमॉर्फस, म्हणजे अणूंची शिस्तीत जाळी नसलेली, असते, तिचा आकडा अनाटेसचा धरून चालणार नाही. ४०० ते ४५० अंशांवर भाजलं की अनाटेस होतो, त्याहून बरंच वर गेलं की फॉइलच्या बाजूने रुटाइल, हे त्याचं दुसरं स्फटिकरूप, यायला लागतो आणि त्याचा गॅप ३.०, म्हणजे आकडा उलट खाली येईल. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखणं) काढलंय का ते बघा.

दुसरं, प्लॉट कुठल्या घातांकाने काढला? अनाटेसचा गॅप अप्रत्यक्ष प्रकारचा आहे, त्याला शोषण गुणिले ऊर्जा याचं वर्गमूळ घ्यायचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा वर्ग घेतलेला असतो, प्रत्यक्ष गॅपसाठीचा, आणि तसं केलं की आकडा हमखास मोठा येतो. माझी पहिली शंका इथेच आहे.

तिसरं, थर किती जाड आहे? हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. अप्रत्यक्ष गॅपच्या कडेला शोषण अगदी दुबळं असतं, ते जाणवायला प्रकाशाला लांब वाट हवी. थर अर्धा मायक्रोमीटरचा असेल तर कडेजवळचं दुबळं शोषण नोंदलंच जात नाही, जिथे शोषण जोरदार होतं तिथेच आलेख चढायला लागतो, आणि आपल्याला वाटतं की कड निळ्याकडे सरकली. पदार्थ तोच आहे, फक्त कमी आहे. एकाच व्होल्टेजवर २ मायक्रोमीटर आणि १० मायक्रोमीटर लांबीच्या नळ्या करून बघा, भिंत तेवढीच राहील, आणि जर लांब नळ्यांचा गॅप ३.२ कडे सरकला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

चौथं, मोजमाप कशावर केलं. परत आलेल्या प्रकाशावरून शोषण काढायचं कुबेल्का-मुंकचं गणित जाड, सगळीकडे सारखं विखुरणाऱ्या पावडरीसाठी आहे. तुमचा नमुना म्हणजे चकचकीत धातूवरचा पातळ थर, प्रकाश थरातून खाली जातो, धातूवर आपटून परत वर येतो, त्यावर इंटरफेरन्सच्या लाटा बसलेल्या असतात, आणि त्यातली एखादी लाट नेमकी शोषणाच्या कडेवर पडली तर तिचा उतार म्हणजे कडेचा उतार असं समजून आपण रेघ ओढतो. मी स्वतः सुरुवातीला अशा लाटांना शोषणाचे पीक समजून दोन महिने त्यांचं स्पष्टीकरण शोधत बसलो होतो, शेवटी लांबी बदलल्यावर पीकही सरकले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शक्य असेल तर थर फॉइलपासून सोडवून घ्या, किंवा तरंगलांबी बदलत फोटोकरंट (प्रकाशाने वाहणारा प्रवाह) मोजा, फोटोकरंटमध्ये शोषून खरोखर चार्ज तयार झाला तेवढंच दिसतं आणि धातूच्या आरशाची लुडबुड बरीच कमी होते.

आकडा तपासायला सोपं साधन हवं असेल तर १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टने भागा, नॅनोमीटर मिळतात. ३.२ म्हणजे ३८८, ३.४५ म्हणजे ३५९. आता मूळ स्पेक्ट्रम उघडा आणि ३६० ते ३८८ च्या मधल्या भागात शोषण खरंच शून्य आहे का ते नुसत्या डोळ्यांनी बघा. नसेल तर प्लॉट काय म्हणतो ते विसरा.

कासुगा पद्धतीच्या नळ्यांची गोष्ट वेगळी, तिथे भिंत काही पापुद्र्यांचीच असते आणि मुळात पदार्थही अनाटेस नसून टायटेनेट, म्हणजे टायटॅनियमचं वेगळंच संयुग, मानला जातो, त्यामुळे त्यांचा आकडा वर असणं समजू शकतं. पण तो संदर्भ ॲनोडायझिंगच्या नळ्यांना चिकटवू नका.

प्रश्न: झिंक ऑक्साइडच्या नळ्या यूव्ही दिव्याखाली हिरव्या चमकतात, हे त्यांचं खरं रूप की दोष?

दोष, पण मोलाचा. झिंक ऑक्साइडचा गॅप ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे त्याचा स्वतःचा उजेड ३८० नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्याच्याही पलीकडे. त्याची खास गोष्ट म्हणजे त्याच्या एक्सायटॉनची बांधणी ६० मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे आणि खोलीच्या तापमानाची उष्णता फक्त २५-२६, म्हणून जोडी तुटत नाही आणि साध्या तापमानालाही तो उजेड चांगला मिळतो. हिरवा पट्टा ५०० ते ५५० च्या भागात येतो तो स्फटिकाच्या जाळीतल्या उणिवांमुळे. नळीला आतून-बाहेरून पृष्ठभाग, शिवाय ती कोरून काढलेली, त्यामुळे तो जास्तच दिसतो. नेमकी कुठली उणीव यावर मात्र लोकांचं एकमत नाही, ऑक्सिजनची रिकामी जागा, झिंकची रिकामी जागा, तांब्याची भेसळ, तिन्हींची नावं घेतली जातात, म्हणून नुसता हिरवा पट्टा बघून ऑक्सिजनची रिकामी जागा सापडली असं लिहिणं मला पटत नाही. यूव्ही आणि हिरवा यांचं गुणोत्तर भाजण्याआधी आणि नंतर मोजा, त्यातून नमुना सुधारला की बिघडला हे कळतं.

प्रश्न: नळीच कशाला? पावडर स्वस्त पडते, पृष्ठभागही भरपूर मिळतो.

कारण प्रकाशाला आणि चार्जला वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटानियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं तेव्हापासूनची ही अडचण आहे. कडेजवळचा प्रकाश पूर्ण शोषायला काही मायक्रोमीटर जाडी लागते, पण तयार झालेला होल थोडंच अंतर चालला की संपतो, त्याला पृष्ठभाग जवळ हवा. उभी नळी हे दोन्ही जमवते, प्रकाश लांबीच्या दिशेने खाली जातो आणि होल आडवा चालत भिंतीच्या कडेला पोचतो, इलेक्ट्रॉन सरळ खाली धातूत. पावडरीत इलेक्ट्रॉनला एका कणातून दुसऱ्या कणात उड्या मारत जावं लागतं. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये हे आणखी टोकाला जातं, त्याचा गॅप २.१-२.२ म्हणजे दिसणारा प्रकाश तो छान शोषतो, पण होल २-४ नॅनोमीटरच चालतो, तिथे बारीक भिंतीला पर्यायच नाही. टायटानियाचा गॅप मात्र नळी करून कमी होत नाही, सूर्यप्रकाशातला जेमतेम ५ टक्के भाग, यूव्हीचा, त्याच्या कामाचा, आणि नळीने त्या ५ टक्क्यांचाच वापर सुधारतो. नायट्रोजन घालणं, हायड्रोजनमध्ये भाजून काळा करणं हे सगळे प्रयत्न उरलेल्या ९५ साठी आहेत. रंग काळा झाला म्हणजे फोटोकरंट वाढला असं मात्र धरू नका, शोषलेला प्रकाश उणिवांमध्येच जिरून जाऊ शकतो.

प्रश्न: मी नववीत आहे. मला टायटॅनियमवर नॅनोट्यूब करून बघायच्या आहेत, बॅटरी आहे, फ्लोराइडचं मीठ कुठे मिळेल?

बाळा, हे घरी करायचं नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. फ्लोराइडच्या मिठात ॲसिड मिसळलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला कधीकधी दुखतही नाही, आणि आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्याने हृदयही बंद पडू शकतं. ते काच खातं म्हणून प्रयोगशाळेतसुद्धा प्लॅस्टिकच्या भांड्यात काम करतात, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडत नाहीत. तुला जे बघायचंय त्यातली रंगांची गंमत साबणाच्या पडद्यात पूर्ण दिसते. तारेची गोल कडी साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धर, पडदा वरून पातळ होत जाईल, रंगाचे पट्टे खाली सरकतील, आणि फुटायच्या आधी सगळ्यात वरचा भाग काळा दिसेल. तिथे पडदा इतका पातळ झालेला असतो की दोन्ही पृष्ठभागांवरून परत येणारा प्रकाश एकमेकांना मारून टाकतो. तो काळा पट्टा किती वेळ टिकतो ते मोज आणि मला कळव.

प्रश्न: धुऊन वाळवलं की थर तडकतो आणि पांढरट होतो, काय चुकतंय?

वाळताना पाण्याचा ताण नळ्यांची टोकं एकमेकांकडे ओढतो, त्यांचे झुबके होतात आणि मध्ये भेगा पडतात. १०० नॅनोमीटरची सुटी नळी दिसणारा प्रकाश फारसा विखुरत नाही, पण मायक्रोमीटरचा झुबका जोरात विखुरतो, तोच पांढरटपणा तुम्हाला दिसतोय. शेवटचं धुणं पाण्याऐवजी इथेनॉलने करा, त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे, ग्लायकॉल पूर्ण निघेपर्यंत बुडवून ठेवा, सावकाश वाळू द्या, आणि फर्नेसचं तापमान मिनिटाला १-२ अंशांनीच चढवा. तरीही तडकला तर नळ्या गरजेपेक्षा लांब झाल्यात, वेळ निम्मा करून बघा.